वाणही लागतो, गुणही

नगर रस्त्यावर वाघोलीच्या आसपास खडीने भरलेल्या डंपरच्या मागे ज्याने दुचाकी चालवली आहे, त्याला वाऱ्याचा एक नियम कुणी शिकवावा लागत नाही. डंपर उभा असतो तेव्हा त्यातले दगड, खडी, कच आणि धूळ एकत्रच असतात. त्याने वेग घेतला की हवा अगदी पडलेली असली तरी डंपरपुरता समोरून सोसाट्याचा वारा सुटतो. धूळ उडते आणि मागे लांब शेपटासारखी पसरते. दगड मात्र जागचे हलत नाहीत.

हेच दृश्य कन्या राशीत, सुमारे ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवर चालू आहे. तिथे हजाराहून अधिक दीर्घिकांचा एक समूह आहे. त्यात बाहेरून येऊन पडणाऱ्या दीर्घिकांच्या मागे हायड्रोजन वायूची शेपटं निघालेली दिसतात. तारे जागच्या जागी आहेत, वायू मात्र मागे राहतो आहे. तारे हे डंपरमधले दगड आणि वायू ही धूळ, एवढं समजलं की पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो. तारे तर वायूपासूनच जन्मतात. मग ज्या दीर्घिकेचा वायूच उडाला, तिचं पुढे काय होतं?

फाल्गुन-चैत्राच्या रात्री कन्या रास पूर्वेला वर येते. चैत्राला ते नाव मिळालं तेही याच राशीतल्या चित्रा नक्षत्रामुळे, कारण त्या महिन्यातला पूर्णचंद्र चित्रेजवळ असतो. चित्रेपासून उत्तरा फाल्गुनीकडे नजर नेली की वाटेत तो समूह लागतो. नुसत्या डोळ्यांना तिथे काहीच दिसत नाही आणि वाघोलीच्या गच्चीवरून तर पश्चिमेच्या शहरी उजेडामुळे बरेचसे तारेही दिसत नाहीत. पण आकाशाच्या त्या हातभर तुकड्याने एका मोठ्या प्रश्नाला तोंड फोडलं आहे. दीर्घिका जशी असते तशी ती जन्मतःच असते, की शेजार तिला तसं घडवतो?

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण बैलांसाठी ठीक आहे. दीर्घिकांच्या बाबतीत ती अपुरी पडते. तिथे शेजाराचा गुण तर लागतोच, वाणही लागतो. निळी दीर्घिका लाल होते.

या रंगांमागचं कारण साधं आहे. फार तापलेले, निळसर, वजनदार तारे आपलं इंधन उधळून टाकतात आणि काही कोटी वर्षांत संपतात. त्यामुळे एखादी दीर्घिका निळी दिसते याचा अर्थ तिथे अजून नवे तारे जन्मत आहेत. जन्म थांबले की निळे तारे आधी मरतात आणि लालसर, काटकसरी, दीर्घायुषी तारे उरतात. निळ्या दीर्घिका बहुधा चपट्या, सर्पिल बाहूंच्या असतात, तर लाल बहुधा लंबवर्तुळाकार किंवा भिंगाच्या आकाराच्या. खगोलशास्त्रज्ञ या दुसऱ्या प्रकाराला ‘विझलेल्या’ म्हणतात. चुलीसारख्याच त्या विझतात, सरपण संपल्यामुळे किंवा कुणी ते ओढून काढल्यामुळे.

एडविन हबल आणि मिल्टन ह्युमसन यांनी १९३१मध्येच नोंदवलं होतं की दाट समूहांत लंबवर्तुळाकार दीर्घिकांचं प्राबल्य असतं. पण त्या निरीक्षणाला आकड्यांचा कणा मिळायला जवळजवळ अर्धं शतक गेलं. १९८०मध्ये ॲलन ड्रेसलर यांनी ५५ समूहांतल्या सुमारे ६००० दीर्घिका एकेक करून तपासल्या, आकारानुसार त्यांची वर्गवारी केली आणि प्रत्येकीच्या आजूबाजूला किती गर्दी आहे ते मोजलं. विरळ वस्तीत दर शंभरांत सुमारे ८० सर्पिल निघाल्या. समूहाच्या अगदी दाट गाभ्यात हेच प्रमाण १०च्या आसपास उतरलं. मधल्या सगळ्या पायऱ्याही व्यवस्थित, एकीखाली एक. गर्दी वाढते तशा सर्पिल कमी होतात, हा आलेख आजही या विषयाच्या प्रत्येक व्याख्यानात दाखवला जातो आणि तो मान त्याला मिळायलाच हवा.

आलेखाने ‘काय’ ते सांगितलं, ‘का’ ते सांगितलं नाही. त्याचे दोन अर्थ लागू शकत होते. गर्दीत शिरलेल्या दीर्घिका गर्दीमुळे बदलल्या असतील. किंवा जिथे पुढे गर्दी होणार होती तिथे मुळातच वेगळ्या दीर्घिका जन्मल्या असतील. वैद्यकात आनुवंशिकता की परिस्थिती हा जो वाद चालतो, त्याच जातीचा हा वाद. फरक एवढाच की इथे रुग्णाचं वय १३०० कोटी वर्षांपर्यंत असू शकतं आणि त्याच्या आयुष्यातला एकच क्षण आपल्याला पाहायला मिळतो.

उत्तर शोधायचं तर तारे पाहून भागत नाही, कारण तारे हा झालेला परिणाम आहे. कारण शोधायला वायूकडे जावं लागतं. दीर्घिकेतला थंड हायड्रोजन डोळ्यांना दिसत नाही, पण तो २१ सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरी सोडतो. एका अणूकडून असा संकेत मिळायला सरासरी १ कोटीहून अधिक वर्षं लागतात. तरी दीर्घिकेत अणूच इतके अफाट असतात की सगळ्यांचा मिळून मंद, अखंड सूर ऐकू येतो. या सुराची वारंवारता १४२० मेगाहर्ट्झ.

तो ऐकणाऱ्या जगातल्या मोठ्या दुर्बिणींपैकी एक वाघोलीपासून जवळजवळ थेट उत्तरेला, सरळ रेषेत ६० किलोमीटरच्या आत आहे. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडद इथे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राने उभारलेली जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यांतल्या १४ मध्यभागी दाटीने आणि उरलेल्या १६ तीन भुजांवर २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात, शेतांच्या मधोमध. गोविंद स्वरूप यांनी या तबकड्यांचा पृष्ठभाग भरीव पत्र्याऐवजी पोलादी तारांच्या जाळीचा केला. लांब लहरींना जाळी आरशासारखीच वाटते आणि वारा मात्र तिच्यातून निघून जातो. वाऱ्याचा दाब न घेणारी ही रचना असल्यामुळेच एवढ्या मोठ्या तबकड्या कमी पैशांत उभ्या राहिल्या. आणि दीर्घिकांवर येणाऱ्या वाऱ्याचा दाब अभ्यासण्याच्या कामी याच तबकड्या आल्या, हा योग मोठा सुंदर आहे.

त्या वाऱ्याचा हिशेब मांडला गेला १९७२मध्ये. त्याच्या थोडंच आधी, डिसेंबर १९७०मध्ये केनियाच्या किनाऱ्यावरून ‘उहुरू’ हा क्ष-किरण उपग्रह सोडला गेला होता. त्याच्यामुळे कळलं की मोठ्या समूहांमधली दीर्घिकांच्या दरम्यानची जागा रिकामी नाही. तिथे कोट्यवधी अंश तापमानाचा अतिविरळ वायू भरलेला आहे. मोठ्या समूहात त्याचं एकूण वस्तुमान सगळ्या ताऱ्यांच्या बेरजेपेक्षा कित्येक पटींनी जास्त भरतं. जेम्स गन आणि रिचर्ड गॉट यांनी विचार केला की एखादी दीर्घिका या वायूतून सेकंदाला हजार किलोमीटरच्या वेगाने घुसली तर काय होईल? दाब ठरतो वायूच्या घनतेवर आणि वेगाच्या वर्गावर. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट. दीर्घिकेचं गुरुत्व आपला वायू धरून ठेवतं, ते कडेला दुबळं आणि मध्यभागी बळकट. त्यामुळे वायू कडेकडून सोलला जातो आणि मध्ये लहानशी चकती उरते.

कन्या समूहात अगदी असंच आढळलं. समूहाच्या गाभ्याजवळच्या सर्पिलांमध्ये ताऱ्यांची चकती मोठी, हायड्रोजनची चकती कापून काढल्यासारखी छोटी. अमेरिकेतल्या व्हीएलए दुर्बिणीने २००७मध्ये समूहाच्या सीमेवरच्या सात दीर्घिका दाखवल्या, प्रत्येकीला एका बाजूला हायड्रोजनचं लांब शेपूट. समूहाच्या मध्यावर एम ८७ ही राक्षसी दीर्घिका आहे. २०१९मध्ये जिच्या कृष्णविवराची सावली जगाने पाहिली, तीच ही. ही शेपटं बहुतेक तिच्यापासून उलट दिशेला वळलेली होती. डंपर आत निघाला होता, धूळ बाहेर राहिली होती.

कधी कधी धुळीतच ठिणग्या पेटतात. सोललेल्या वायूच्या शेपटात नवे तारे जन्मतात, दीर्घिका जेलीफिशसारखी दिसू लागते आणि तिला तेच नाव मिळतं. एबेल ८५ या समूहातली जेओ २०१ ही अशी एक दीर्घिका. ती सेकंदाला ३००० किलोमीटरहून अधिक वेगाने समूहात, जवळजवळ आपल्या नजरेच्या रेषेत, कोसळते आहे. भारताच्या ॲस्ट्रोसॅट उपग्रहाने (सप्टेंबर २०१५मध्ये सोडलेल्या) अतिनील दुर्बिणीतून तिचं जे चित्र टिपलं, त्यात शेपटांमध्ये विखुरलेले नवजात ताऱ्यांचे पुंजके स्पष्ट दिसतात. ही दुर्बीण बंगळूरच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेने पुण्याच्या आयुका आणि इतर संस्थांच्या सहकार्याने तयार केली होती. पुढे याच दीर्घिकेच्या केंद्राभोवती तारे जवळजवळ जन्मतच नाहीत असा एक पोकळ पट्टाही सापडला. बाहेरचा वारा वायू आत दाबतो, त्याचा घास केंद्रातल्या कृष्णविवराला मिळतो आणि खवळलेलं कृष्णविवर आजूबाजूचा उरलासुरला वायू तापवून टाकतं, असा त्याचा अर्थ लावला जातो. म्हणजे शेजाराने सुरुवात केली आणि घरच्याने शेवट.

इतका जोराचा वारा सगळीकडे नसतो. म्हणूनच ‘वाऱ्याने सगळं उडवलं’ हे सरधोपट उत्तर अपुरं आहे.

दीर्घिकेचा वायू दोन ठिकाणी असतो. थंड, ताऱ्यांसाठी तयार असलेला वायू चकतीत. आणि चकतीभोवतीच्या प्रचंड, विरळ वलयात पुढचा साठा, जो हळूहळू खाली उतरत राहतो. समूहात शिरताना चकती शाबूत राहिली तरी बाहेरचं सैलसर वलय सहज निघून जातं. वाघोलीत टँकरवर चालणाऱ्या सोसायट्यांतल्या लोकांना याची गत सांगावी लागणार नाही. टँकर यायचा थांबला म्हणून नळ लगेच कोरडा पडत नाही, गच्चीवरच्या टाकीत आहे तोवर पाणी येतं. रिचर्ड लार्सन, बिअट्रिस टिन्स्ली आणि नेल्सन कॉल्डवेल यांनी १९८०मध्ये ही कल्पना मांडली. इंग्रजीत तिला जे नाव पडलं त्याला मराठीत ‘गळचेपी’ हा शब्द चपखल बसतो.

वायू झटक्यात गेला की टाकी संपून गेली, हे लाखो-कोटी वर्षांनंतर ओळखायचं कसं? यावर २०१५मध्ये यिंगजी पेंग आणि सहकाऱ्यांनी शोधलेली युक्ती या विषयातल्या सर्वांत देखण्या युक्त्यांपैकी एक आहे. तारे मरताना लोह, ऑक्सिजन अशी जड मूलद्रव्यं आसपासच्या वायूत सोडतात. बाहेरून ताजा हायड्रोजन येत असेल तर ती पातळ होत राहतात. पुरवठा बंद पण ताऱ्यांचा जन्म चालू असेल तर, आटत्या आमटीत मीठ वाढावं तशी, ती वाढत जातात. वायू एकदम उडून गेला तर जडपणा होता तिथेच गोठतो. त्यांनी हजारो दीर्घिका तपासल्या. विझलेल्या दीर्घिका त्यांच्याच वजनाच्या जिवंत दीर्घिकांपेक्षा जड मूलद्रव्यांनी श्रीमंत निघाल्या. म्हणजे बहुतेकींची आमटी आटली होती, सांडली नव्हती. आटायला लागलेला काळ निघाला सुमारे ४०० कोटी वर्षं. हा निष्कर्ष मुख्यतः फार वजनदार नसलेल्या दीर्घिकांना लागू होतो, पण विझलेल्यांमध्ये त्यांची संख्याच मोठी आहे.

याखेरीज धक्काबुक्की आहे. समूहात शेजारून वेगाने जाणाऱ्या दीर्घिका एकमेकींना आदळत नाहीत, पण प्रत्येक वेळी गुरुत्वाचा एक हिसका देऊन जातात. वारंवार हिसके बसले की चकती ढिली पडते. विलीनीकरणही आहे. मात्र त्याची जागा वेगळी आहे. दाट समूहांत वेग इतका असतो की दोन दीर्घिका एकमेकींना धरून ठेवूच शकत नाहीत. विलीन होण्यासाठी सावकाश भेट लागते आणि ती चार-पाच दीर्घिकांच्या छोट्या गटांत घडते.

या छोट्या गटांचं महत्त्व उशिरा ध्यानात आलं. वाघोली २०२१मध्ये पुणे महापालिकेत गेली. पण गाव शहर झालं ते त्या दिवशी नव्हे. खाणी, प्लॉटिंग, महाविद्यालयं, टाॅवर, टँकर हे सगळं ग्रामपंचायत असतानाच येऊन बसलं होतं. दीर्घिकांचंही असंच असतं. मोठ्या समूहात शिरणारी दीर्घिका बऱ्याचदा एकटी येत नाही, गटासोबत येते आणि त्या गटात ती आधीच निम्मी बदललेली असते. ड्रेसलर यांच्या आलेखातल्या बऱ्याच ‘समूहाने बदललेल्या’ दीर्घिका वास्तविक वाटेतच बदलल्या होत्या, हे आता मान्य झालं आहे.

गटांच्या या अभ्यासात भारतीयांचं काम ठळक आहे. २००६मध्ये चंद्रेयी सेनगुप्ता आणि आर. बालसुब्रमण्यम यांनी सैल गटांतल्या दीर्घिकांचा हायड्रोजन तपासला. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या पार्क्स दुर्बिणीची उघड उपलब्ध माहिती वापरली. ज्या गटांतून क्ष-किरण येतात, म्हणजे जिथे दीर्घिकांमध्ये तापलेला वायू आहे, तिथल्या दीर्घिकांना सरासरीने हायड्रोजन कमी निघाला. ज्या गटांत तसा वायू नाही तिथे तूट जवळजवळ नव्हती. पुढे त्यांनी अशा काही दीर्घिका जीएमआरटीने बारकाईने पाहिल्या. त्याच सुमारास निमिषा कंथारिया आणि सहकाऱ्यांनी जीएमआरटीने होल्मबर्ग १२४ हा चार दीर्घिकांचा गट पाहिला. त्यातल्या एनजीसी २८२० या दीर्घिकेचा हायड्रोजन एका बाजूला धारदार कापलेला होता, शिवाय शेजारणीशी भरतीसारख्या ओढीने जोडणारा पूलही होता. ओढाताण आणि वारा दोन्ही एकाच दीर्घिकेवर. त्यांनी आपल्या निबंधाच्या शीर्षकातच प्रश्नचिन्ह ठेवलं आणि ते प्रामाणिक होतं. निसर्गात ही कारणं पाठ्यपुस्तकातल्या परिच्छेदांसारखी वेगवेगळी रांगेत येत नाहीत.

पण आजच्या समूहांत किती वायू उरला आहे हे मोजून कथेचा शेवटच कळतो. मधला भाग पाहायचा तर भूतकाळात जावं लागतं. खगोलशास्त्रात त्याचा मार्ग म्हणजे दूर पाहणं. १९७८मध्ये हार्वी बुचर आणि ऑगस्टस ओमलर यांनी दाखवून दिलं की काही अब्ज प्रकाशवर्षांवरच्या समूहांत आजच्या समूहांपेक्षा निळ्या दीर्घिका जास्त आहेत. निळेपणाचं कारण वायू हे उघड होतं, पण त्या अंतरावरचा हायड्रोजन कुणाला ऐकू येत नव्हता.

ती कोंडी खोडदला फुटली. ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीतले फिलिप लाह आणि फ्रँक ब्रिग्ज, पुण्याचे जयराम चेंगलूर आणि सहकारी यांनी एबेल ३७० हा समूह निवडला. तिथून निघालेला प्रकाश सुमारे ४०० कोटी वर्षांचा प्रवास करून पोचतो. विश्वाच्या प्रसरणामुळे १४२० मेगाहर्ट्झचा सूर तिथून येईपर्यंत सुमारे १०३७ मेगाहर्ट्झवर उतरतो. इतका मंद की एकट्या दीर्घिकेचा संकेत गोंगाटात बुडून जातो. मग वारीत होतं ते करायचं. लांबून एका वारकऱ्याच्या टाळाचा आवाज येत नाही, पण शेकडो टाळ एकाच ठेक्यात पडले की डोंगरापलीकडे ऐकू जातात. ऑस्ट्रेलियातल्या प्रकाशीय दुर्बिणीने ३२४ दीर्घिकांची नेमकी अंतरं मोजली, म्हणजे प्रत्येकीचा सूर कुठल्या वारंवारतेवर यायला हवा ते कळलं. जीएमआरटीच्या नोंदींमधले ते सगळे तुकडे एकावर एक बसवून बेरीज केली. गोंगाट आपसांत कटला आणि हायड्रोजन वर आला.

२००९मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एबेल ३७०च्या परिसरात आजच्या तशाच दाट समूहांच्या परिसरापेक्षा कित्येक पटींनी जास्त हायड्रोजन होता. तो सगळीकडे सारखा नव्हता. समूहाच्या तापलेल्या वायूच्या बाहेर असलेल्या निळ्या दीर्घिका त्याने गच्च भरलेल्या होत्या, आतल्या दीर्घिकांकडे बराच कमी होता. म्हणजे ४०० कोटी वर्षांपूर्वी उंबऱ्याबाहेर उभ्या असलेल्या दीर्घिकांकडे इंधन भरपूर होतं. आजच्या समूहांत ते नाही. मधल्या काळात ते गेलं कुठे, याचं उत्तर उंबरा ओलांडण्यातच आहे. ड्रेसलर यांच्या आलेखानंतर इतका थेट पुरावा फार थोड्या वेळा मिळाला आहे आणि मराठी वाचकांना खोडद नकाशावर दाखवता येतं पण हे काम माहीत नाही, याची खंत वाटते.

मग जन्माचं काय? शेजाराच्या बाजूने इतकं सगळं असताना तोही पक्ष सोडून देता येत नाही. २०१०मध्ये पेंग आणि सहकाऱ्यांनी लाखो दीर्घिकांच्या नोंदींतून असं मांडलं की विझण्याची दोन स्वतंत्र कारणं आहेत. एक दीर्घिकेचं स्वतःचं वजन, दुसरं तिचा परिसर. वजनदार दीर्घिका एकटी असली तरी विझते, कारण तिचं कृष्णविवर तिचाच वायू तापवतं. हलकी दीर्घिका एकटी असेल तर सहसा विझत नाही, तिला विझवायला शेजार लागतो. ही वाटणी उपयोगी आहे. मात्र वजन आणि परिसर खरोखर स्वतंत्र आहेत का, ही शंका रास्त वाटते. विश्वाच्या सुरुवातीला जिथे कृष्णद्रव्य किंचित जास्त होतं तिथे दीर्घिका लवकर जन्मल्या, लवकर वजनदार झाल्या आणि पुढे मोठे समूहही तिथेच जमले. एकाच बियाण्यातून वजनही आलं आणि शेजारही. ‘उपजत की संगत’ या प्रश्नातला ‘की’ इथे डळमळीत होतो.

हे बियाणं किती मोठ्या पसाऱ्यावर पेरलेलं असतं याची कल्पना पुण्यातल्याच दुसऱ्या एका शोधाने दिली. जयंत नारळीकरांनी १९८८मध्ये उभी केलेली आयुका, पुण्याची आयसर आणि इतर दोन संस्थांच्या खगोलशास्त्रज्ञांनी जोयदीप बागची आणि सोमक रायचौधुरी यांच्यासोबत २०१७मध्ये मीन राशीच्या दिशेला दीर्घिकांचा एक महासमूह शोधला आणि त्याला ‘सरस्वती’ नाव दिलं. अंतर सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षं, पसारा सुमारे ६० कोटी प्रकाशवर्षं, त्यात ४३ समूह. एवढी मोठी रचना विश्वाच्या त्या वयात तयार झालेली सापडणं हेच नवल होतं. समूहाच्या पलीकडे, अशा साखळ्या आणि भिंतींचाही दीर्घिकेवर वेगळा परिणाम होतो का, हा सध्याचा जिवंत प्रश्न आहे.

दुसऱ्या टोकाला पोकळ्या आहेत. १९८१मध्ये भूतप तारकासमूहाच्या दिशेला कोट्यवधी प्रकाशवर्षांची जवळजवळ ओसाड जागा सापडली. अशा पोकळ्यांत ज्या मोजक्या दीर्घिका आहेत त्या म्हणजे शेजाराविना वाढलेली मुलं. त्या बहुधा लहान, निळ्या आणि वायूने भरलेल्या असतात. चेंगलूर आणि रशियाचे सिमॉन पुस्तिल्निक यांनी जीएमआरटीने जवळच्या एका पोकळीत तीन छोट्या दीर्घिकांचं असं त्रिकूट पाहिलं की ज्यात ताऱ्यांपेक्षा वायूच कितीतरी अधिक आहे. २०२३मधल्या एका स्पॅनिश अभ्यासातही पोकळ्यांतल्या दीर्घिकांनी आपले तारे इतरांपेक्षा सावकाश घडवल्याचं निघालं. एकटं राहिलं की घाई नसते.

फार मागे गेलं की चित्र आणखी बदलतं. पुण्याचे आदित्य चौधुरी, निस्सीम काणेकर आणि चेंगलूर यांनी २०२०मध्ये हीच बेरजेची रीत ७६५३ दीर्घिकांवर लावली आणि ८०० कोटी वर्षांपूर्वीच्या हायड्रोजनपर्यंत पोचले. त्या दीर्घिकांकडे वायू पुष्कळ होता, पण तारे बनवण्याचा सपाटा असा की बाहेरून भर पडली नाही तर तो १०० ते २०० कोटी वर्षांत संपावा. म्हणजे त्या काळातही दीर्घिकेचं आयुष्य तिच्या साठ्यावर नव्हे, परिसरातून येणाऱ्या रसदीवर अवलंबून होतं. २०२५मध्ये राष्ट्रीय खगोलभौतिकी केंद्राच्याच राशी जैन आणि योगेश वाडदेकर यांनी जेम्स वेब दुर्बिणीच्या चित्रांत ‘अलकनंदा’ शोधली. विश्व अवघं १५० कोटी वर्षांचं असतानाची, दोन रेखीव सर्पिल बाहूंची दीर्घिका. तो काळ धुमश्चक्रीचा, टकरींचा मानला जात होता. अशा परिसरात इतकी नीटस चकती बनली आणि टिकली, हे आधीच्या हिशेबांना सहज पचणारं नाही.

खोडदच्या तबकड्यांनाही परिसर आहेच. दूरच्या हायड्रोजनचा सूर ७०० ते १००० मेगाहर्ट्झच्या दरम्यान उतरतो आणि मोबाइल सेवांचे पट्टेही तिथेच आहेत. चौदा तबकड्यांपलीकडच्या भुजा टोमॅटो-द्राक्षांच्या गावांतून जातात. पुणे–नाशिक जलद रेल्वेचा दुर्बिणीजवळून जाणारा मार्ग वैज्ञानिकांच्या आक्षेपांमुळे बदलण्याची वेळ आली, तेव्हा काहींना ते अडवणुकीचं वाटलं. पण अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेला संकेत एका ठिणगीच्या खरखरीत हरवू शकतो. ती शांतता जपायला हवी, यात तडजोडीला फारशी जागा नाही.

आपल्या आकाशगंगेचा शेजार तसा सौम्य. तरी तिच्याभोवतीच्या छोट्या दीर्घिका पाहिल्या की तीही कुणाचा तरी ‘समूह’ आहे हे कळतं. तिच्या जवळच्या बहुतेक बुटक्या दीर्घिकांत हायड्रोजन उरलेलाच नाही, लांबच्या बुटक्यांकडे तो आहे. ज्यांच्याकडे अजून वायू आहे त्या मॅगेलनी ढगांमागे हायड्रोजनचा प्रचंड पट्टा आकाशात पसरलेला आहे. देवयानी दीर्घिका आणि आकाशगंगा एकमेकींवर आदळणार हे वर्षानुवर्षं ठरल्यासारखं सांगितलं जात होतं. जून २०२५मध्ये हेलसिंकीच्या टिल सवाला आणि सहकाऱ्यांनी आजूबाजूच्या दीर्घिकांची ओढ धरून गणित पुन्हा केलं. येत्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता जेमतेम निम्मी निघाली. एम ३३ ही शेजारीण ती शक्यता वाढवते. आकाशगंगेला लागूनच असलेला, तिच्या मानाने कितीतरी हलका मोठा मॅगेलनी ढग ती कमी करतो.